कपाखालची पितळी पट्टी

बरकतपुरा, हैदराबाद
१८ सप्टेंबर

प्रिय सुलभाताई,

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतेस आणि स्वतःच्या गुडघ्यांवर येतेस. म्हणून गुडघे आधीच उरकून घेतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पुण्याच्या त्या फिजिओथेरपीवाल्याने उलटं सांगितलं असेल तर तो चूक आहे. मी तीन पुस्तकांत बघून खात्री केली आहे. अमेयला म्हणावं, जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवून घे.

आता मुद्दा. आज सकाळी साडेअकरा वाजता मी शूटिंग अर्धवट टाकून घरी निघून आलो. तोंडाचा रंग न पुसता, अंगावर बाबांच्या भूमिकेसाठी कंपनीवाल्यांनी शिवलेला कोट तसाच ठेवून, कुकटपल्लीपासून बरकतपुऱ्यापर्यंत ऑटोने. ऑटोवाला आरशातून सारखा बघत होता. शेवटी विचारलंच त्याने, साब, आप वो इन्स्पेक्टर हैं ना. हौ म्हटलं. एकतीस वर्षं, एकशे त्र्याऐंशी चित्रपट, त्यांतल्या एकसष्टांत पोलीस. लोक ओळखतात, नाव माहीत नसतं. पण या एकतीस वर्षांत मी सेट सोडून आलेलो नव्हतो. ताप असताना नाही, आई गेली त्या आठवड्यातही नाही. आज आलो.

तू म्हणशील, या उदयच्या नाकावरच्या माशीचं पुराण सुरू झालं. होऊ दे. आधी ऐक.

गेल्या वर्षीची ती यूट्यूबवरची मुलाखत तुला मी पाठवली होती. बरकतपुऱ्यातलं लहानपण, बास्केटबॉल, मग कुणाच्या ओळखीशिवाय सिनेमात शिरणं. दोन तास बोललो. बावीस लाख लोकांनी पाहिली, आणि एका कंपनीने त्यावर आठ भागांची तेलुगू मालिका करायला घेतली. नट म्हणून मला कुणी शाळेत घातलं नाही. तेलुगू मी बसच्या पाट्या वाचून आणि स्वतःचा आवाज टेपवर भरून भरून शिकलो. आज माझा 'ळ' ऐकून गुंटूरची माणसं विचारतात की गाव कुठलं. ती सगळी हकिगत पडद्यावर येणार, त्यात बाबांचं काम मी करायचं, म्हटल्यावर मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू.

पहिल्याच दिवशी तो उतरला. एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये त्यांनी आपलं ग्राउंड उभं केलंय. रिंगला नायलॉनची पांढरीशुभ्र जाळी. मुलांच्या बनियनवर नंबर तेवीस, एकतीस, नव्याण्णव! मी दिग्दर्शकाला बाजूला घेऊन सांगितलं की त्या काळी आपल्याकडे चार ते पंधरा एवढेच नंबर असायचे, कारण एक, दोन, तीन ही बोटं रेफ्री खुणांसाठी वापरायचा. कॅप्टन बहुतेक चार नंबर घ्यायचा. तो म्हणाला, सर, कोण बघतंय. अरे, मी बघतोय! लहानपणचा मी झालेला मुलगा बॉल तळहाताने थापटत होता, पोळपाटावर भाकरी थापावी तसा. त्याला म्हटलं बोटांच्या टोकांनी, तळव्याला बॉल लागता कामा नये. तर त्याचा बाप धावत आला, की सर, मुलाला ताण देऊ नका. आणि पटकथेत तो मुलगा ब्याऐंशी साली तीन गुणांची बास्केट मारतो. आपल्या ग्राउंडवर तीन गुणांची रेषच नव्हती. सिमेंट होतं, मधे भेग होती, आणि एका बाजूचा बोर्ड इतका कुजलेला की त्याच्यावर बॉल मारला तर चिमण्या उडायच्या.

हे सगळं मी गिळलं. पण पहिला भाग वाचायला बसलो तेव्हा काय बघतो, मला खेळ शिकवणारा एक मोठा भाऊ! नाव सूर्या. केस मानेवर, मोटारसायकल, वगैरे. ताई, तो जे जे करतो ते तू केलेलं आहेस. पहाटे साडेपाचला मला उठवून चमनच्या बागेला तीन फेऱ्या मारायला लावणं. एक पाय जमिनीला खिळवून त्याच्याभोवती फिरायला शिकवणं. आणि ते तुझं वाक्य, जे मी मुलाखतीत सांगितलं होतं: समोरच्याच्या डोळ्यांकडे बघू नकोस, पोटाकडे बघ, डोळ्यांनी माणूस फसवतो, पोट फसवत नाही. याच्यावर मी अख्खी नोकरी केली आहे. कॅमेऱ्यासमोर कोण खरं रडतंय आणि कोण नुसतं डोळे ओले करतंय, ते मी पोटाकडे बघून सांगतो. ते वाक्य त्या केसाळ सूर्याच्या तोंडी!

मालिका लिहिणारी मुलगी मराठी आहे, मानसी. आईवडील पुण्याहून इकडे कंप्युटरच्या नोकरीत आले, ही इथेच वाढली. बोलते छान, वाचताना मात्र जोडाक्षराला ठेच लागते. मला काका म्हणते. तिला म्हटलं, हा भाऊ कुठून आणलास? ती म्हणाली, काका, तुम्ही मुलाखतीत 'घरातच एकजण होतं शिकवणारं' एवढंच म्हणालात, मला वाटलं भाऊ. खरंच तेवढंच म्हणालो होतो. का तेवढंच म्हणालो, ते पुढे सांगतो. पण त्या दिवशी मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, माझ्या बहिणीने शिकवलं, तिच्या नावाने लिहायचं तर लिहा, नाहीतर मी सही देत नाही. निर्माता म्हणाला, सर, बहीण ठेवली तर मारामारी कुठे टाकू? मी कंपनीचा कागद त्याच्यासमोर उलटा ठेवून उठलो. तीन दिवसांनी त्यांनी मान्य केलं. सूर्या गेला, तू आलीस. मी घरी येऊन स्नेहाला म्हटलं, आज काम केल्यासारखं वाटतंय. ती म्हणाली, मग भाजी आणायचं पण करा.

मग मानसीने माझ्याकडून तुझा नंबर घेतला. तुम्ही दोघी एक तास चाळीस मिनिटं बोललात, असं तिनेच सांगितलं. तू आयुष्यात कुणाशी या विषयावर बोलली नव्हतीस. अमेयलाही आता कळतंय म्हणे की त्याची आई विद्यापीठाच्या संघात होती. ती फार हलली होती, मानसी. म्हणाली, काका, आत्यांनी सगळं सांगितलं, त्या कपाचंपण.

परवा नवी पटकथा आली आणि काल रात्रीपासून माझं डोकं फिरलंय.

त्यांनी बाबांना खलनायक केलंय. मला सांग, बाबांना मिशी कधी होती? मला मिशी चिकटवली. बाबांच्या हातात वेताची छडी. बाबा तुला ग्राउंडवरून दंडाला धरून फरफटत आणतात, मागे ढोल. कचिगुड्याच्या पार्सल ऑफिसात सव्वीस वर्षं मान खाली घालून पावत्या फाडणारा माणूस, ज्याने आपल्याला एकदाही 'चूप' म्हटलं नाही! रिंगची जाळी कुणी विणली होती, ताई? पार्सल ऑफिसातली सुतळी आणून बाबांनी विणली, बारा फास, रविवारी दुपारी, ओसरीत पाय पसरून. पावसाने सडली की पुन्हा विणायचे. चार वेळा विणली. मी प्रत्येक वेळी टोक धरून बसलो होतो. तुझ्या मॅचला ते यायचे नाहीत असं तुला वाटतं ना? ग्राउंडच्या बाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या मागे उभे राहायचे, ड्यूटीचा डबा हातात धरून. तू लाजशील म्हणून पुढे यायचे नाहीत. आंतरमहाविद्यालयीन फायनलला, एक्केचाळीस-अडतीसला, तू शेवटचे दोन फ्री थ्रो टाकलेस तेव्हा त्यांनी डबा खाली ठेवला होता. मला हे माहीत आहे, कारण तो डबा उचलायला मी होतो. हे मी तुला आजवर सांगितलं नाही. का नाही, तेही पुढे.

आणि आजचा शॉट. आज होता तो प्रसंग, तुला बघायला लातूरची मंडळी आली त्या दिवशीचा. खोलीत बाबा एकटे. कपाट उघडतात, तुझा कप काढतात, त्याच्या लाकडी बैठकीवरच्या पितळी पट्टीवरचा 'विमेन' हा शब्द कानसेने घासून टाकतात. क्लोजअप, माझ्या हाताचा. रितेश म्हणून कलादिग्दर्शक आहे, त्याने पट्टी हुबेहूब केली होती, अक्षरांचं वळणसुद्धा. त्याबद्दल त्याला पैकीच्या पैकी. पण कानस आणली होती एवढी मोठी, सुताराकडची. मी म्हटलं, ही नको. तो म्हणाला, का सर, पितळ घासायला हीच लागेल. मी म्हटलं, अरे, आमच्या घरात कानस नव्हती. घासलेलं नव्हतंच ते, ओरखडलेलं होतं. बारीक रेघा, आडव्या, एकावर एक, 'डब्ल्यू'पासून सुरू करून. शेवटचं अक्षर पुरतं गेलंच नव्हतं. कंपासपेटीतलं कर्कटक होतं ते.

दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. रितेश कर्कटक शोधायला माणूस पाठवत होता. आणि मानसी माझ्या शेजारी येऊन, अगदी हळू, म्हणाली, "काका, तुम्ही बघितलं होतं?"

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. पन्नास माणसांसमोर ओरडलो, आणि निघून आलो.

वाटेत ऑटोत बसून मी तिच्यावर चिडलो, दिग्दर्शकावर, त्या मिशीवर, तुझ्यावरसुद्धा. चाळीस वर्षं तू कुणाला सांगितलं नाहीस आणि सांगितलंस ते एका परक्या मुलीला, फोनवर! घरी आलो, आरशासमोर उभा राहिलो. चिकटवलेली मिशी एका बाजूने सुटली होती. तेव्हा कुठे हसू आलं, आणि मग ते थांबलं.

नऊ फेब्रुवारी एकोणीसशे शहाऐंशी, रविवार. अंबाजीकाकांनी ते स्थळ आणलं होतं. आदल्या दिवशी ते येऊन बाबांना म्हणाले की ती माणसं जुन्या वळणाची आहेत, पोरगी अर्धी चड्डी घालून चार लोकांत उड्या मारते हे कळलं तर तिथल्या तिथे पोहे सोडून उठतील. ते कप पलंगाखाली सारा. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, कप जिथे आहेत तिथेच राहतील, आणि कुणी विचारलं तर मी सांगेन की माझ्या मुलीचे आहेत. अंबाजीकाका चिडून गेले. जाता जाता दारात माझ्या डोक्यावर टपली मारून पुटपुटले, निदान हे या पोट्ट्याचे म्हणून तरी सांगा. तू तेव्हा शेजारी साडी मागायला गेली होतीस. तू यातलं काही ऐकलं नाहीस.

मी ऐकलं. मी आठवीत होतो. त्याच आठवड्यात मला शाळेच्या संघातून काढलं होतं, आणि मुलं म्हणायची, तेरी बहन को भेज, मियाँ, वही खेलेगी. रविवारी सकाळी तुम्ही सगळे स्वयंपाकघरात होतात. मी कपाट उघडलं.

तुझं लग्न जमावं म्हणून केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खरं नाही. मला तो कप हवा होता. एका दिवसापुरता.

पुढचं तू आतून ऐकलंस. नवऱ्यामुलाच्या, म्हणजे अरविंदरावांच्या, काकांनी विचारलं, हे कप कुणाचे? बाबांनी तोंड उघडलं होतं, ताई. मी समोर बसलो होतो, मी पाहिलं. पण मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, माझे. आणि अख्खी फायनल सांगितली, एक्केचाळीस-अडतीस, खांद्याने कसं फसवायचं ते पाटावर उभं राहून करून दाखवलं, शेवटचे दोन फ्री थ्रो डोळे मिटून टाकले. पाहुणे हसले, टाळ्या वाजवल्या. माझी पहिली भूमिका. यूट्यूबवाल्याने विचारलं होतं, पहिल्यांदा टाळी कधी मिळाली, तर मी गणेशोत्सवातलं नाटक सांगितलं.

तुला वाटलं, बाबांनी मला पढवलं. संध्याकाळी तू कप खाली काढलास, पट्टी बघितलीस, आणि बाबांसमोर धरून विचारलंस की हे तुम्ही केलंत का. मी दाराशी होतो. उजव्या अंगठ्याला कर्कटक लागलं होतं, त्यावर हळद होती; मी हात मागे घेतला. बाबांनी तो हात पाहिला. एवढाच वेळ, जेवढ्यात माणूस पाणी गिळतो. मग तुला म्हणाले, हो, मीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कचिगुडा स्टेशनपर्यंत डबा घेऊन चालवत नेलं. मी मार खायच्या तयारीने गेलो होतो. फाटकापाशी थांबून ते म्हणाले, "मी आज आहे, उद्या नाही. पुढे तिचं माहेर तू. ते मोडायचं नाही." आणि डबा घेऊन आत गेले.

एवढंच. कधी पुन्हा विषय काढला नाही. त्यांचा हिशेब असा होता की मुलगी बापाला माफ करते, वर्ष-दोन वर्षांत राग जातो. भावावरचा राग गेला नाही तर तिला यायला दारच राहत नाही. पण तुझा राग गेला नाही. त्यांना तू कधीच नीट ओळखू दिलं नव्हतंस, किती लागलंय ते. तू एकदा मला म्हणाली होतीस, लग्न ठरवलं म्हणून नाही रे, खोडलं म्हणून. त्यानंतर अठरा वर्षं तू त्यांच्याशी माझ्यामार्फत बोललीस: त्यांना सांग, त्यांना विचार. दोन हजार चारमध्ये ते दवाखान्यात होते तेव्हा तू लातूरहून आलीस, संत्री सोलून आणलीस, आणि वाटी माझ्या हातात दिलीस. मी ती त्यांना भरवली. ते एकेक फोड तुझ्याकडे बघत खात होते. मला तेव्हा सांगता आलं असतं. तू खोलीत, ते खोलीत, मी मधे. मी फक्त म्हणालो, बी थुंका.

आणि दर भाऊबीजेला तू मला ओवाळत आलीस. लातूरला कुणाला सांगता आलं नाही की आपण खेळायचो, कारण कप भावाचे होते. बॅडमिंटनची रॅकेटसुद्धा तू अमेयला माझ्याकरवी घेऊन दिलीस. कप न्यायला मी म्हटलं तेव्हा म्हणालीस, ज्यांनी खोडलं त्यांच्याच घरी राहू देत. राहिला. माझ्याच घरी राहिला. मुलाखतीत तुझं नाव घेतलं असतं तर कपाचं निघालं असतं, आणि बाबा सायकलच्या दुकानामागे उभे राहायचे हे तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस की मग खोडलं कुणी; म्हणून दोन्ही गिळलं.

सूर्यावर मी इतका का भडकलो, ते आता तुला कळलं असेल. त्या बिचाऱ्या मुलीने तुला नुसतं भाऊ केलं. चूक कळताच दुरुस्तही केलं. मी केलं तेव्हा दुरुस्त करायला अठरा वर्षं बाबा होते आणि चाळीस वर्षं तू.

मानसीला अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुला. हे पत्र उदईक सकाळीच स्पीडपोस्टाने जाईल, शनिवारी मिळावं. रविवारी मी फोन करतो. सोमवारी नऊला तोच शॉट पुन्हा लावलाय. तू हो म्हणालीस तर मी तिला खरं लिहायला सांगेन. कर्कटक त्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात जाईल आणि मिशी काढली जाईल. नाही म्हणालीस, किंवा फोन उचललाच नाहीस, तरी खोडणारे बाबा मी करणार नाही, मग त्यांनी दुसरा नट आणावा. कप अमेय पुढच्या महिन्यात येईल त्याच्याबरोबर पाठवतो. पट्टीला हात लावू दिलेला नाही.

पटकथा कुठलीही घेतली तरी बाबांचा एक संवाद तसाच राहतो. तेलुगूतही दोनच शब्द आहेत, अवुनु, नेने. हो, मीच. दुपारपासून आरशासमोर उभा राहून म्हणून बघतोय. तू शिकवलंस तसं पोटाकडे बघून. एकदाही खरा आलेला नाही, ताई.

तुझाच,
उदय